३० मार्कांचं बालमानसशास्त्र आणि सकाळी ७ ची घंटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, काटछाट करायचा अधिकार तुमचा.

मी नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका हायस्कूलला शिकवते. पाचवी ते आठवीला गणित-विज्ञान, आणि कोणी रजेवर असलं की नववी-दहावीचे तासही माझ्याच गळ्यात. नोकरीला वीस वर्षं झाली, मी बीएड केलं तेव्हा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हा शब्दसुद्धा नव्हता. आता १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ज्यांच्या रिटायरमेंटला पाच वर्षांहून जास्त वेळ आहे अशा पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय, म्हणजे मी आलेच त्यात. त्यामुळे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी रात्री भांडी आवरली की मी गाइड घेऊन बसते आणि माझी मुलगी मला प्रश्न विचारते, आई सांग, मूर्त क्रियात्मक अवस्था कोणत्या वयात, मी म्हणते सात ते अकरा, आणि ती म्हणते बरोबर, बस खाली. निकाल बरोबर की चूक यावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज भांडणं होतात, ती इथे नको.

पेपरात १५० पैकी ३० मार्क बालमानसशास्त्राला. खरं सांगायचं तर वीस वर्षांपूर्वी घोकलं होतं ते आता वाचताना वेगळंच वाटतं कारण आता प्रत्येक ओळीला एक चेहरा आठवतो. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा तो दोन ग्लासांचा प्रयोग घ्या, बुटक्या ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की चार-पाच वर्षांचं पोर म्हणतं पाणी वाढलं, हा प्रयोग मी माझ्या भाच्यावर केला आणि तो पठ्ठ्या तसंच म्हणाला, वर मला म्हणे मावशी मला उंचवालाच दे. हा पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम करत होता, आणि त्याचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांकडे गेलं, एका वयाची मुलं सगळी एकाच पद्धतीने का चुकतात बुवा? तिथून त्याचं पुढचं आयुष्यभराचं काम निघालं. आणि आम्ही त्याला पाठ करतो चार पर्यायांत, एकाच उत्तराला गोल काळा करून. असो.

मुद्दा वेगळा आहे. गाइडात कुमारावस्थेवर एक चॅप्टर आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉल, १९०४, 'वादळ आणि ताणतणावाचा काळ', हा प्रश्न हमखास येतो म्हणतात. मग शारीरिक बदल, आवाज फुटणे, उंची वाढणे, मुरमं, भावनिक चढउतार, समवयस्कांचा प्रभाव. सगळं आहे. फक्त एक गोष्ट नाहीये, जी मी रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डोळ्यांनी बघते. वयात येताना मुलाची झोप घड्याळात पुढे सरकते. आणि ती त्याच्या मनावर नसते.

थोडं मागून सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस एका कार्यक्रमात बोलले की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा. मग ८ फेब्रुवारी २०२४ ला सरकारचा जीआर निघाला, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, सगळ्या माध्यमांच्या सगळ्या शाळांना. कारणंही पटण्यासारखी होती, मुलं रात्री उशिरा झोपतात, पावसाळ्यात-थंडीत लवकर उठणं जड जातं वगैरे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, त्यामुळे छोट्यांना फायदा झाला यात वादच नाही. माझा जीआरला विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की रेघ चौथीवर ओढली आणि तिथेच हात झटकले.

कारण आमच्यासारख्या शाळेत झालं काय, इमारत एक, शिफ्टा दोन. आधी प्राथमिक सकाळी आणि हायस्कूल दुपारी होतं. छोट्यांना नऊच्या आधी बोलवायचं नाही म्हटल्यावर संस्थेने सरळ अदलाबदल केली, प्राथमिक दुपारी बारा-साडेबाराला आणि हायस्कूल सकाळी सातला. म्हणजे ज्या पोरांना सकाळी उठायला नैसर्गिकरीत्या कमी त्रास होतो त्यांना झोपू दिलं, आणि ज्यांचं शरीरच सकाळी उठायला तयार नसतं त्यांना पहाटे पाचला हलवून उठवलं. जीआरचा शब्द पाळला गेला, एका अक्षराचा भंग नाही.

आता हे 'शरीरच तयार नसतं' म्हणजे काय ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील मॅडम पोरांचे लाड करतात.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक शरीरातलं घड्याळ, जे अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडायला लावतं. दुसरी म्हणजे झोपेची टाकी. सकाळी उठल्यापासून या टाकीत झोप साठत जाते आणि भरली की माणूस आडवा होतो. लहान मुलाची टाकी भराभर भरते, म्हणून पाच वर्षांचं पोर रात्री आठ-नऊला तोंडात घास तसाच ठेवून ताटावर पेंगतं आणि सकाळी सहाला टुणकन उठून आजोबांच्या मिशा ओढायला हजर. वयात यायला लागलं की दोन्ही बदलतात. मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, फरक दोन तासांपर्यंत जाऊ शकतो, आणि टाकीही सावकाश भरते. त्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा दहाला दिवा बंद करून पडला तरी अकरा-साडेअकरापर्यंत कड बदलत राहतो, त्याला झोप येतच नाही. पण लागणारी झोप काही कमी झालेली नसते, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतातच. म्हणजे झोपायची वेळ पुढे गेली, उठायची आम्ही मागे आणली, आणि मधली झोप कुठे गेली ते विचारायचं नाही.

यावर आयुष्यभर काम केलेल्या बाई म्हणजे मेरी कार्स्केडन, अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीत. त्यांनी १९७६ पासून स्टॅनफर्डला उन्हाळ्यात मुलांना मुक्कामी ठेवून वर्षानुवर्षं त्याच मुलांची झोप मोजली. अंदाज असा होता की मूल मोठं होईल तशी झोपेची गरज कमी होईल, आपणही तेच धरून चालतो ना, 'आता काय लहान आहेस का इतका वेळ झोपायला'. निघालं उलटंच. दहा तास पडू दिलं तर सगळ्या वयाची मुलं सव्वानऊ तासांच्या आसपास झोपत होती, आणि वयात आलेली मुलं तेवढीच झोप मिळूनही दिवसा जास्त पेंगत होती. पुढे १९९३ मध्ये त्यांनी दाखवलं की सकाळचं माणूस की रात्रीचं माणूस हे वयापेक्षाही वयात येण्याच्या टप्प्याशी जोडलेलं आहे. म्हणून मुलींमध्ये हे जरा आधी दिसतं, सातवीतच, कारण त्या आधी वयात येतात.

१९९३ साल मुद्दाम लिहिलं. कारण हा विषय पालकसभेत काढला की पहिलं वाक्य काय येतं मला पाठ आहे, 'मॅडम सगळा मोबाइलचा दोष आहे'. अहो मोबाइलचा दोष आहेच, मी कुठे नाही म्हणते, रात्री साडेबाराला ग्रुपवर स्टिकर टाकणारी माझीच पोरं आहेत. पण ही मापं घेतली तेव्हा पोरांच्या हातात मोबाइल नव्हता. इतर सस्तन प्राण्यांच्या पिल्लांमध्येही वयात येताना असा बदल दिसलाय, त्यांच्याकडे तर अजूनही नाही. मोबाइलने घसरगुंडीला तेल लावलं असं म्हणा, पण घसरगुंडी आधीपासून होती.

कार्स्केडन बाईंचा अजून एक प्रयोग आहे तो वाचल्यापासून मला वर्गात ओरडायला होत नाही. १९९८ चा पेपर. तिथली मुलं नववीतून दहावीत गेली तशी शाळेची वेळ ८:२५ वरून ७:२० वर आली. त्या मुलांना सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत आडवं केलं तर जवळपास अर्धी मुलं मिनिटांत झोपली आणि थेट स्वप्नांच्या झोपेत गेली. एरवी निरोगी माणूस झोपल्यावर बऱ्याच वेळाने त्या झोपेत जातो, इतक्या पटकन जाणं हे नार्कोलेप्सी नावाच्या आजारात दिसतं. म्हणजे शाळेतल्या बाकावर बसून ही मुलं शरीराने अजून मध्यरात्रीतच होती. आणि आम्ही त्यांना विचारतो, एक्स बरोबर किती.

आमच्याकडे तर याच्यात सूर्याची पण भर आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, म्हणजे पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. नाशिक त्याच्या किती पश्चिमेला! एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर आमचा सूर्य घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटं मागे चालतो, मुंबईचा ३८-३९ मिनिटं. जुन्या मुंबईकरांनी याच कारणासाठी आपला वेगळा बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत धरून ठेवला होता, ते येडे नव्हते. म्हणजे शाळेच्या घड्याळात सात वाजतात तेव्हा आकाशात सहा पंचवीस झालेले असतात. जानेवारीत आमच्याकडे सूर्योदयच सात-दहाच्या सुमाराला. आम्ही प्रार्थनेला उभे राहतो तेव्हा ट्यूबलाइट चालू असतात आणि 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी तुम्हीच पहिल्या पानावर छापलेली असते, शेकोटीच्या फोटोसकट. त्या पाऱ्यात आमची वस्तीवरची पोरं पावणेसहाच्या एसटीला उभी असतात हे त्या फोटोत नसतं.

मौलिक जगनानी म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत त्यांनी नेमका हाच हिशोब भारतातल्या मुलांचा केलाय. देशात पूर्वेला सूर्य लवकर मावळतो, पश्चिमेला उशिरा, शाळा मात्र सगळीकडे घड्याळाने भरते. सूर्यास्त एक तास उशिरा झाला की मुलं झोपतात उशिरा पण उठतात त्याच वेळेला, झोप साधारण अर्धा तास कमी, आणि त्याचा परिणाम शिक्षणावर दिसतो, गरीब घरांमध्ये जास्त. का जास्त, तर एका खोलीत सहा माणसं, टीव्ही, डास, उकाडा. पश्चिमेचं राज्य म्हणजे आपलंच की.

माझ्या वर्गातलं सांगते. मागच्या हिवाळ्यात मी नववीला चिठ्ठ्या लिहायला लावल्या, नाव टाकू नका, रात्री किती वाजता झोप लागते आणि सकाळी किती वाजता उठता. याला मी संशोधन म्हणत नाही, पोरं थापाही मारतात. बहुतेकांनी साडेअकराच्या पुढचं लिहिलं होतं आणि उठायचं पाच-सव्वापाच. एकीने लिहिलं होतं, मोबाइल नाही माझ्याकडे, झोप येत नाही म्हणून छताचे पत्रे मोजते, आणि पाचला नळाला पाणी येतं म्हणून उठते. एका बेट्याने लिहिलं, 'झोप लागते : ७:१० (सकाळी), तुमचा तास'.

हसले मी, पण लगेच आठवलं. त्याआधी महिनाभर एक मुलगा पहिल्या तासाला नुसता पेंगत नव्हता, चक्क घोरला. मी त्याला तासभर उभं केलं. बाकावर नाही, फळ्याजवळ, सगळ्या वर्गासमोर. मला वाटलं झोप उडेल. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी आई घेऊन आली, म्हणाली मॅडम त्याला घोऱ्या म्हणतात, रिक्षात पण म्हणतात, मी कशी पाठवू. आता गाइड वाचताना डेव्हिड एल्काइंड हा मानसशास्त्रज्ञ सापडला, १९६७, त्याने म्हटलंय की या वयात मुलाला सतत वाटत असतं आपल्याभोवती प्रेक्षक बसलेत, आपल्या केसांकडे, मुरमाकडे, आवाजाकडे सगळं जग बघतंय. 'कल्पित प्रेक्षक' असा शब्द आहे गाइडात. एक मार्काचा प्रश्न. आणि मी त्या पोराला खरे पन्नास प्रेक्षक आणून दिले होते. त्याच्या शरीराने जे त्याला विचारून केलं नव्हतं त्यासाठी. त्याची माफी मागितली मी, वर्गासमोर नाही, जिन्यात, तो म्हणाला जाऊद्या मॅडम आणि माझ्याकडे न बघताच खाली गेला.

रात्रीबद्दल अजून एक वाटतं, हे माझं मत आहे, पुस्तकातलं नाही. घरात या वयाच्या पोराला स्वतःचं असं काहीच नसतं. खोली नसते, कपाटाचा एक कप्पा असला तर नशीब, दिवस शाळेचा, संध्याकाळ क्लासची. सगळे झोपल्यावरचा एक तास तेवढा त्याचा. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने म्हटलंय की कुमारवयाचं मोठं काम म्हणजे 'मी कोण' हे शोधणं. (जाता जाता, या एरिक्सनला आपला खरा बाप कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, सावत्र बापाचं नाव लागलं होतं, शेवटी अमेरिकेचा नागरिक होताना त्याने आपलं आडनाव स्वतःच नवीन घेतलं, एरिक्सन. त्याच्या माणसाच्या वाढीच्या आठ अवस्था पाठ करण्यापेक्षा हे एक वाक्य वाचलं तर पोरांना जास्त समजेल तो.) तर हे मी कोण शोधायचं कधी? पहिल्या तासाला तर नक्कीच नाही. ते गोधडीत डोक्यावरून पांघरूण घेऊन चालतं.

आता विरोधात काय म्हणतात ते. शाहूमहाराजांच्या काळापासून मुलं उठतायत, आम्ही नाही का उठलो, लवकर निजे लवकर उठे तया ज्ञान संपत्ती आरोग्य भेटे. बरोबर, पण त्यात 'लवकर निजे' पहिलं आहे, आणि तेच या वयात शरीर करू देत नाही. आमचे शाळेतले एक सर म्हणतात ब्राह्ममुहूर्तावर पाठांतर पक्कं होतं. त्यांना मी विचारलं, सर तुम्ही चौदाव्या वर्षी उठायचात? म्हणाले वडील पाणी मारायचे तोंडावर. मग तेच की.

खरा विरोध वेगळाच आहे आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. सातची शाळा आम्हा शिक्षकांना सोयीची आहे. साडेबाराला सुटते, एकला घरी, मी स्वतः दुपारी जेवून तासभर पडते, कपडे-दळण होतं, कोणाची शेती आहे, कोणाच्या शिकवण्या आहेत. साडेआठची केली तर पहिली कुरकुर माझ्या तोंडून निघेल हे मला माहितीये. सहावी ते आठवीला वर्षाला १००० तास शिकवणं शिक्षणहक्काच्या आरटीई कायद्याने बंधनकारक आहे, तेही बसवायचं. इमारत एकच, दोन शिफ्टांच्या मध्ये अर्धा तास, त्यात पोषण आहार. रिक्षावाले, एसटीची वेळ, ज्यांचे आईवडील कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातात ते म्हणतात पोराला कुलूप लावून कुठे ठेवू. हे सगळं खरं आहे. अमेरिकेतही हेच भांडण झालं, कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही असं ठरलं, फ्लोरिडाने तसाच कायदा केला आणि बस-बिसचा खर्च बघून अंमलात यायच्या आधीच मागे घेतला.

आणि क्लासेस! शाळा साडेआठची केली की लगेच फाउंडेशनची बॅच सहाला लागणार, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. जीआर शाळेला निघतो, क्लासला कोण काढणार.

पण जिथे केलं तिथे काय झालं ते तरी बघा. सिअॅटलमध्ये २०१६ ला हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. लोक म्हणाले पोरं अजून उशिरा झोपतील, झालं. मनगटाला यंत्रं बांधून मोजलं तर तसं नाही झालं, रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. केंटकी राज्यातल्या एका काउंटीत शाळा तासभर उशिरा केल्यावर गाडी चालवणाऱ्या त्या वयाच्या मुलांचे अपघात दोन वर्षांत १६.५ टक्क्यांनी कमी झाले, बाकीच्या राज्यात त्याच काळात वाढले होते.

अपघाताचं मुद्दाम लिहिलं कारण आमच्या गावात नववीची पोरं स्कूटीवर येतात. लायसन नाही, ट्रिपल सीट, धुकं, हायवेचा सर्व्हिस रोड. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना मित्र बाजूला बसवून. मोठ्या माणसांना मित्र असले-नसले फरक पडला नाही, तेरा ते सोळाची पोरं मात्र मित्र बघतायत म्हटल्यावर दुपटीहून जास्त धोका पत्करत होती. कारण मजा आणि शाबासकी शोधणारा मेंदूचा भाग या वयात सुसाट सुटलेला असतो आणि ब्रेक लावणारा, कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास कुठे पुरा पिकतो. त्यात झोप अर्धी. पहाटे सव्वासहाला अंधारात त्या सर्व्हिस रोडवरून तीन अर्धवट झोपलेली पोरं एकमेकांना दाखवायला स्कूटी पळवतात आणि मी माझ्या अॅक्टिव्हावरून मागून हॉर्न मारत असते. पोलीस तेव्हा नसतात, पोलीस दहाला येतात.

माझं मागणं फार मोठं नाही. शिक्षण खात्याने पाचवी ते दहावीसाठी निदान खालची मर्यादा घालावी, साडेआठ जमत नसेल तर आठ, तेही जमत नसेल तर दिवाळी ते होळी एवढ्यापुरतं तरी. दोन शिफ्टांच्या शाळेत छोट्यांना नऊला बोलवायचं म्हणून मोठ्यांना सातला ढकलायचं नाही, एवढं एक वाक्य त्या जीआरला जोडावं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळची शाळा लागते ते मला समजतं, पंचेचाळीस डिग्रीत दुपारी कोण बसवणार, तिथे वेगळं ठरवा.

आणि हे काहीच झालं नाही तर मुख्याध्यापकांच्या हातात एक गोष्ट आहे, तिला जीआरही लागत नाही. पहिला तास गणिताचा ठेवू नका. अमूर्त विचार करायची ताकद अकरा-बाराच्या पुढे येते असं पियाजे म्हणतो, बीजगणित त्याच ताकदीवर चालतं, आणि ती ताकद वापरायला मूल जागं लागतं हे सांगायला पियाजे कशाला हवा. पहिला तास पीटीचा ठेवा, मैदानावर, उन्हात. सकाळचा उजेड डोळ्यात गेला की शरीराचं घड्याळ थोडं मागे येतं, हा तर सगळ्यात स्वस्त उपाय, बजेट शून्य. आमच्याकडे पीटीचा तास शेवटचा असतो, बाराच्या उन्हात, आणि त्यात पोरं सावलीला बसून झोपतात. मी टाइमटेबल कमिटीत हे सांगितलं तर म्हणाले मॅडम, गणिताला फ्रेश डोकं लागतं म्हणून पहिला ठेवलाय.

टीईटीचा पेपर मी देणारच आहे. कुमारावस्थेवरचा प्रश्न आला तर स्टॅन्ले हॉलच्या गोलात काळं भरीन. फक्त ज्यांनी वेळापत्रकं ठरवायची त्या संस्थाचालकांना, अधिकाऱ्यांना आणि मंत्रालयातल्या साहेब लोकांनाही त्यातले ३० मार्कांचे ३० प्रश्न सोडवायला द्या एकदा, पासिंगची सक्ती नको, सकाळी सातला केंद्रावर हजर राहिले तरी चालेल. चुकलेली उत्तरं मात्र मला बघायला पाठवा, पियाजेसारखी ठेवून देईन.

पत्र छापलंत तर काटायचं ते काटा पण जिन्यातला भाग ठेवा. नाव आणि गाव छापू नये ही विनंती. आत्ता रात्रीचे पावणेबारा झालेत, मुलगी अजून जागी आहे, दहावीत आहे, आतल्या खोलीतून विचारतेय आई झोप येत नाहीये काय करू. सकाळी मस्टर सातला पाच कमी असताना कपाटात जातं.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक जिल्हा